ज्याने ऐकलं त्याच्या डोक्यावर

४ मार्च

आज एक बाई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "अजिबात ऐकत नाही हो!" चिठ्ठीवर डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं – श्रवणचाचणी. मुलीला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला, आवाज आला की बटण दाब म्हटलं. ती दाबत गेली. अगदी बारीक, मुंगीच्या पावलाएवढे आवाजसुद्धा तिने सोडले नाहीत. आलेख पहिल्या रेघेला चिकटून सरळ गेला.

बाईला सांगितलं, कान उत्तम आहेत.

"मग ऐकत का नाही?"

शिपाईमावशी दारात हसून वाकल्या. "उद्या मी माझ्या नवऱ्याला आणते. त्याचंही हेच. टीव्हीतलं कुजबुजलेलं कळतं, माझी हाक नाही!"

मीही हसले असावे. सगळे माझ्याकडे बघून आणखी हसले, म्हणजे हसले असणारच.

घरी आले तर बाबांचे पाय पुन्हा सुजलेले. अंगठ्याने दाबलं की खळगा राहतो.

५ मार्च

संध्याकाळी चर्चचे पाळक आले. ते फार हळू बोलतात. बाबांना त्यांचं एक अक्षर कळत नाही, आणि बहुधा म्हणूनच बाबांना ते आवडतात.

महिनाअखेरीच्या सभेत बाबा बोलणार होते. विषय त्यांनीच दिला होता – आशीर्वाद आणि आज्ञापालन. आता ते पलंगावरून उठत नाहीत. पाळक मला म्हणाले, "तुम्हीच बोला. शास्त्र तुम्हाला जितकं पाठ आहे तितकं मलाही नाही." मी नको म्हटलं नाही. मी सहसा म्हणत नाही.

मग दारापाशी, आणखी हळू : "आणि हाताचं काय ठरलंय?"

आमच्या घरात त्याला नुसतं 'हात' म्हणतात. जाण्याआधी घरातला कर्ता पुरुष एकाच्या डोक्यावर उजवा हात ठेवतो आणि त्याला स्वतःला मिळालेला आशीर्वाद पुढे देतो. एकालाच. पणजोबांनी आजोबांना दिला, आजोबांनी बाबांना. त्याबरोबर मंडळीपुढे शास्त्र वाचायचा मानही येतो. बाबांनी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काम केलं, पंपांनी त्यांचे कान खाल्ले, पण दर आठवड्याला उभे राहून वाचायचे तेव्हा मागच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द पोचायचा.

"काही ठरलेलं नाही," मी म्हटलं.

"तुमच्याशिवाय आहे कोण?" पाळक म्हणाले. मग दादा आठवला असावा. चपला घालून गेले.

७ मार्च

बाबा दिवसभरात तीन शब्द बोलले. पाणी. नको. खिडकी.

८ मार्च

सुट्टी. टिपणं काढायला बसले.

अब्राहामाला सांगितलं – देश सोड. सोडला. सांगितलं – मुलगा अर्पण कर. पहाटे उठून निघाला. एक गोष्ट आज पहिल्यांदा खटकली. परक्यांचं पापी शहर नष्ट होणार म्हणताना याच माणसाने देवाशी घासाघीस केली होती. पन्नास नीतिमान असतील तर? चाळीस? दहा? स्वतःच्या पोरासाठी मात्र एक शब्द नाही. हे भाषणात घ्यावं का? नको. कुणी विचारलं तर उत्तर नाही माझ्याकडे.

पुढे मुलगा वाचतो, मोठा होतो, आणि देव त्याला सांगतो – तुला आशीर्वाद देईन, कारण तुझ्या बापाने माझं ऐकलं. वडिलांची पुण्याई, आपण म्हणतो तसं. पण त्या ऐकण्यात सुरी कुणाच्या गळ्यावर होती? इसहाकाच्याच. होमाची लाकडंही त्यानेच वाहिली होती. त्याला विचारलं कुणी? आशीर्वाद स्वीकारताना तो काय म्हणाला, ते कुठेच लिहिलेलं नाही.

दादा याच भागावर थांबला होता.

हे लिहायला हवं, नाहीतर उगाच लपवल्यासारखं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी हात दादाच्या डोक्यावर येणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं. थोरला, मुलगा. बाबांनी त्याला मंडळीपुढे वाचायला उभं केलं. वाचता वाचता त्याने पुस्तक मिटलं. म्हणाला, "हे मी माझ्या पोरांना कधी वाचून दाखवणार नाही." आणि खाली उतरला. तेव्हा त्याचं लग्नही झालेलं नव्हतं.

आई त्याच्या आदल्या वर्षी गेलेली. बरं झालं, असं सगळे म्हणाले.

१० मार्च

ते दुसऱ्या दिवशीचं. मला जसं आठवतं तसं लिहिते.

बाबा आतल्या खोलीत खुर्चीवर, दाराकडे पाठ. दादा बाहेरच्या दारात, बूट घालून, पिशवी खांद्यावर. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून मी मधल्या खोलीत. आदल्या दिवसापासून मी निरोप्याचं काम करत होते – "दादा विचारतोय जेवलात का", "बाबा म्हणतात भूक नाही."

दादा म्हणाला, "बाबांना विचार, मी जाऊ का."

मी आतल्या दाराशी जाऊन मोठ्याने विचारलं, "बाबा, दादा जाऊ का विचारतोय!"

बाबा मान न वळवता म्हणाले, "त्याला जाऊन दे."

मी वळून दादाला म्हटलं, "जाऊन दे म्हणाले."

तो गेला.

आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात – जाऊन दे. आई तर दूध उतू गेलं तरी 'जाऊन दे' म्हणायची. त्यामुळे मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. पुढे त्याची दोन पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही. बापाने जाऊ दिलंय, आपण मागे ओढणारे कोण?

बाबा नंतर सहा महिने माझ्याशी कामापुरतं बोलले. मला वाटलं, मुलगा गेल्याचं दुःख.

११ मार्च

कामावर अकरा चाचण्या. दुपारी जेवले नाही हे पाच वाजता लक्षात आलं.

१२ मार्च

टिपणं, पुढचा भाग. इसहाक म्हातारा होतो, डोळे जातात. थोरल्याला, एसावाला, आशीर्वाद द्यायचा असतो. आई धाकट्या याकोबाला थोरल्याचे कपडे चढवते, थोरला केसाळ म्हणून हातांवर करडाचं कातडं बांधते. म्हातारा चाचपून बघतो आणि म्हणतो – आवाज तर याकोबाचा आहे, हात मात्र एसावाचे.

इतक्या वेळा वाचलंय, पण कान तपासण्यात वीस वर्षं घालवूनही हे आज दिसलं : म्हाताऱ्याला बरोबर ऐकू आलं होतं! कान फसला नव्हता. त्याने कानाचं ऐकलं नाही, एवढंच.

पाळकांना फोनवर सांगितलं तर खूश झाले. म्हणाले, "मूळ भाषेत ऐकणं आणि आज्ञा मानणं याला एकच शब्द आहे, माहितीय ना? घ्या हे भाषणात."

आपल्या भाषेत तरी वेगळं काय आहे?

१५ मार्च

दुपारी चारच्या सुमारास बाबांना पेज भरवत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"बोलाव त्याला."

"कुणाला?" मला माहीत होतं. तरी विचारलं.

"थोरल्याला." मग थोड्या वेळाने – "या वेळी तरी ऐक."

"या वेळी तरी म्हणजे?" दोनदा विचारावं लागलं, कानाशी, मोठ्याने.

"तेव्हा सांगितलं होतं तुला. त्याला जाऊ न दे." न वर थांबून. दोन्हीकडे जागा सोडून. "तू ऐकलं नाहीस."

आणि डोळे मिटले.

मी पेला उचलला, धुतला, पालथा घातला. मग बघितलं तर तो धुतलेलाच होता.

जाऊ न दे. चारचौघांसारखं 'जाऊ देऊ नको' नाही. बाबांचं असंच. एरवी घरात सरळ बोलतात, पण राग आला किंवा काळजाला लागलं की शास्त्राच्या भाषेत जातात. दूध पातळ आलं तेव्हा दूधवाल्याला म्हणाले होते, "तुझ्या मापात खोट नसो!" तो बिचारा बघतच राहिला.

म्हणजे एकोणीस वर्षं ते समजत होते की मी मुद्दाम त्याला जाऊ दिलं. एका घरात. एका ताटलीतून भाकरी मोडत. आणि विचारलं नाही.

मीही विचारलं नव्हतं.

१६ मार्च

पेशंट संपल्यावर काचेच्या खोलीत बसले आणि स्वतःच्या आवाजात दोन्ही वाक्यं ध्वनिमुद्रित केली. त्याला जाऊन दे. त्याला जाऊ न दे. दहा वेळा, उलटसुलट. शिपाईमावशींना हेडफोन लावून बसवलं. पहिलं वाटलं तर उजवं बोट वर, दुसरं वाटलं तर डावं.

दहांपैकी पाच बरोबर. म्हणजे छापाकाटा.

"बाई, दोन्ही एकच तर आहे," मावशी म्हणाल्या. "आणि एवढं कुणाला जाऊन द्यायचंय? मला द्या की, आज लवकर जाते!"

जाऊ दिलं त्यांना.

मग एकटीने पुन्हा ऐकलं. हे काही प्रमाण होत नाही. हा माझा आवाज आहे, बाबांचा नाही. बाबा काल न वर थांबले होते. तेव्हाही थांबले होते का?

१७ मार्च

प्रामाणिकपणे लिहायचं तर लिहायलाच हवं.

मला तो हात हवा होता का? हो.

लहानपणी बाबा दादाचं पाठांतर घ्यायचे. तो अडखळायचा. मी दाराआड भाजी निवडत मनात पुढचं म्हणत असायचे. एकदा तोंडातून निघून गेलं. बाबा दादाला म्हणाले, "बघ, हिला येतं." दादाला चिडवायला म्हणाले. पुढे कुणाच्या मनातही आलं नाही, माझ्याही नाही – म्हणजे, असं मी समजत होते.

दादा नसला तर उरते मी. हे सव्विसाव्या वर्षी मला कळत नव्हतं का? तेवढी खुळी नव्हते.

चाचणीत आम्ही पेशंटला पाठमोरं बसवतो. आवाज सोडायच्या बटणावरचा माझा हात त्याला दिसू नये म्हणून. दिसला तर त्याला न आलेला आवाजही ऐकू येतो, आणि त्यात तो खोटं बोलत नसतो. आशा कानात शिरते. पण उलटं होतं का? आलेला आवाज आशेने गाळला जातो का? एक अक्षर?

त्याची चाचणी नाही.

मी तो क्षण पुन्हा पुन्हा काढून बघतेय. बाबांची पाठ दिसते. मानेवरची घामाची रेघ दिसते. आवाज मात्र दर वेळी मी म्हणीन तसा येतो.

रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. कपड्यांच्या घड्या घातल्या.

१८ मार्च

पाळकांकडून नंबर घेतला. त्यांच्याकडे होता! इतकी वर्षं. 

"हॅलो, फ्रिज रिपेअरिंग."

"मी."

"मी कोण? फ्रिज कुठला आहे?"

"दादा, मी."

बराच वेळ मागे कसलंसं यंत्र घुरघुरत राहिलं. मग ते बंद झालं.

"बाबा गेले?"

"नाही. बोलावतायत तुला."

"त्यांचे शब्द सांग."

"'बोलाव त्याला.'"

"एवढंच?"

"'थोरल्याला.'"

तो हसला की खोकला कळलं नाही. "दुकान सोपवायला दोन-तीन दिवस लागतील. धरून ठेव म्हाताऱ्याला."

फोन ठेवल्यावर आठवलं, वहिनीचं, पोरांचं विचारलंच नाही. किती पोरं आहेत हेही मला माहीत नाही.

१९ मार्च

याकोब मरताना बारा मुलांना जवळ बोलावतो आणि एकेकाला आशीर्वाद देतो. मुलगीही होती एक, दीना. तिचं नाव त्या यादीत नाही. भाषणासाठी नाही, असंच लिहिलं.

२० मार्च

डॉक्टर म्हणाले, आठवडा.

२२ मार्च

दादा आला. दुपारी दोनला. केस गेलेत, चाल तीच – डावा खांदा पुढे.

"म्हातारी झालीस," दारातच म्हणाला.

"तू टकला झालास."

"चला, फिटंफाट."

आत बाबा झोपलेले. त्याने दारातून नुसतं बघितलं आणि स्वयंपाकघरात येऊन बसला. दोन मुली आहेत त्याला. थोरली कॉलेजात. धाकटीला सगळं उलट करायचं असतं. "अगदी माझ्यावर गेलीय, म्हणून वहिनी तुझी मलाच शिव्या घालते."

मी ठरवलं होतं की बाबा उठायच्या आत त्याला सांगायचं. चहा गाळता गाळता सांगितलं. त्याच्याकडे पाठ होती, ते सोपं गेलं. सांगितलं की बाबा तेव्हा 'जाऊ न दे' म्हणाले होते. मला 'जाऊन दे' ऐकू आलं. मी तुला तेच सांगितलं. बाबांनी तुला घालवलं नव्हतं. हे मलाही मागच्या आठवड्यात कळलं.

 मी वळले तर तो कपाच्या कडेवरून बोट फिरवत होता.

"हं," म्हणाला. मग म्हणाला, "जाऊन दे."

तोंडातून गेल्यावर दोघांच्याही ध्यानात आलं. त्याला हसू फुटलं. चहा नाकात गेला. मी त्याच्या पाठीत गुद्दे मारले, लहानपणी मारायचे तसे. हसले नाही, पण मारले.

"बाबांना सांगणार?" त्याने विचारलं.

"सांगायलाच हवं. ते समजतायत मी ऐकलं नाही."

"कशाला? सातआठ दिवसांचे पाहुणे आहेत."

"म्हणूनच."

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

२३ मार्च

सांगितलं.

सकाळी बाबा तरतरीत होते. दादाला बघून म्हणाले, "जाडा झालास." दादा म्हणाला, "तुम्ही वाळलात." एकोणीस वर्षांचं एवढ्यात आटपलं. दादा पायथ्याशी बसून त्यांचे पाय चोळायला लागला.

मी उशाशी. कानाचं मशीन ते केव्हापासून लावू देत नाहीत. म्हणतात, त्यात सगळं जग पंपघर होतं. म्हणून तोंड कानाशी नेऊन म्हटलं, "बाबा, तेव्हा मला जाऊन दे ऐकू आलं होतं."

"काय?"

"जाऊन दे! मला! ऐकू आलं!"

"कोण जातंय?"

शेवटी ओरडावं लागलं. आयुष्यात कधी बाबांवर ओरडले नव्हते. "तुम्ही म्हणालात जाऊ न दे! मी ऐकलं जाऊन दे! मी दादाला तेच सांगितलं!" शेजारणीने खिडकी उघडली, "काही झालं का हो?" दादा खिडकीशी जाऊन म्हणाला, "काही नाही काकू, व्याकरण चाललंय."

बाबा छताकडे बघत राहिले. ओठ हलत होते. दोन्ही वाक्यं म्हणून बघत असावेत. मग माझ्याकडे वळले.

"म्हणजे ऐकलंस."

"अं?"

"तुला जे ऐकू आलं ते तू केलंस. म्हणजे ऐकलंस की!"

मग दादाकडे. "आणि तुला तिने जे सांगितलं ते तू केलंस. म्हणजे तूही ऐकलंस."

दादाचे हात बाबांच्या पोटरीवर थांबले. परत चोळायला लागला.

"मग चुकलं कोण?" बाबा म्हणाले.  "मीच. साधं 'जाऊ देऊ नको' म्हणता येत नव्हतं मला? म्हणे न दे! मोठा शास्त्री!" आणि हसले. दात नसल्यामुळे लहान मुलासारखे दिसले. मग तसेच डोळ्यांतून पाणी.

"इकडे ये," मला म्हणाले. "खाली बस."

मी गुडघ्यावर बसले. त्यांनी उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला. शब्द लिहायचे नसतात, म्हणून लिहीत नाही. हात जड होता. सुजलेला, गरम. आशीर्वाद मोठा आहे, मधे दोनदा दम घ्यायला थांबले. शेवटी माझ्या नावापुढे आजोबांचं नाव घेतलं, त्यांच्या बापाचंही. आमच्या घरात बाईच्या डोक्यावर पहिल्यांदा.

मला काही झालं नाही. आत काही हललं नाही. गुडघा दुखत होता, आणि फरशीवर कालच्या पेजेचा डाग राहिलाय हे दिसत होतं.

बाबा झोपल्यावर दादा म्हणाला, "माझ्यासाठी उरलं का काही?"

"एसावानेही हेच विचारलं होतं. एकच आशीर्वाद आहे का तुमच्यापाशी म्हणून."

"तो रडला होता ना? मला नुसती भूक लागलीय."

त्याला आमटी वाढली. वाढताना दोघांनाही आठवलं, एसावाने थोरलेपणाचा हक्क वाटीभर आमटीवर विकला होता ते. दादा म्हणाला, "आता बोलू नको. गरम आहे, खाऊ दे."

२४ मार्च

पाळक येऊन गेले. माझे दोन्ही हात हातात घेऊन अभिनंदन करावं तसं म्हणाले, "योग्य डोक्यावर गेला. तुमच्याइतकं कुणी ऐकलेलं नाही."

थँक्यू म्हटलं.

२५ मार्च

बाबा दादाला पंपांबद्दल सांगत होते. तीन नंबरचा पंप कसा रुसायचा ते. दादा त्यात खरंच रमला. दोघं यंत्रवाले. मी दारातून ऐकत होते. बाबांच्या चेहऱ्यावर राग नाही, कुणावरच. एवढं तरी माझ्या सांगण्याने झालं, असं स्वतःला म्हटलं. मग वाटलं, स्वतःला म्हणावं का लागलं?

२७ मार्च

सकाळी सहा चाळीसला बाबा गेले. दादाचा हात त्यांच्या पायांवर होता. माझा कशावर होता आठवत नाही.

२८ मार्च

लोक. खुर्च्या. चहाचे कप कमी पडले. शिपाईमावशी आल्या आणि कुणी न सांगता भांडी घासायला बसल्या. मला म्हणाल्या, "बाई, रडून घ्या." मी म्हटलं हो.

३० मार्च

सभा पुढे ढकलू म्हणत होते. मीच नको म्हटलं.

बाबा उभे राहायचे तिथे उभी राहिले. सुरुवात केली तर मागून एक म्हातारी ओरडली, "मोठ्याने बोल ग, ऐकू येत नाही!" सगळे हसले. मग मोठ्याने बोलले.

देश सोडणारा अब्राहाम सांगितला. लाकडं वाहणारा इसहाक सांगितला. म्हटलं, बापाच्या ऐकण्याचं फळ मुलाला मिळतं, पण मुलालाही पुढे स्वतःच्या कानाने ऐकावं लागतं. ऐकणं आणि मानणं एकच, हे सांगितलं. आशीर्वाद ऐकणाऱ्याचा असतो, असं म्हणून थांबले. लोकांनी माना डोलावल्या. दोघांनी येऊन सांगितलं, हुबेहूब बाबांचा आवाज.

याकोबाचा भाग टिपणांत होता. कातडं बांधून, खोटं नाव सांगून त्याने आशीर्वाद नेला, आणि तो परत घेता आला नाही. दिलेला हात परत घेता येत नाही. ते पान उलटलं. वेळ संपली म्हटलं. दहा मिनिटं उरली होती.

२ एप्रिल

दादा उद्या सकाळी निघणार. बाबांचा कोट घेऊन जा म्हटलं, त्याला होत नाही. बाबांचे पंपघरातले नटबोल्ट पिळायचे दोन पाने घेतलेत त्याने. त्यानेच शोधून काढले.

दिवसभर त्याला काहीतरी सांगायचं आहे असं वाटत राहिलं. दोनदा तोंड उघडलं आणि मीठ मागितलं.

३ एप्रिल

गेला. पिशवी उचलल्यावर म्हणाला, "एक सांगू? त्या दिवशी बाबा काय म्हणाले ते मला स्वच्छ ऐकू आलं होतं. न सकट. मला वाटलं, तू माझ्यासाठी खोटं बोलतेस. एकोणीस वर्षं तुझे उपकार मानतोय."

त्या दिवशी तो बाहेरच्या दारात उभा होता. मी त्याच्यापेक्षा सहा पावलं आत.